मोटारीतील ध्वनियंत्रणेत शिरणारा विद्युत्-गोंगाट : कारणे आणि तपासणी

बोलीभाषांच्या क्षेत्रीय अभ्यासासाठी बाहेर पडणाऱ्या अभ्यासकास ध्वनिमुद्रक जितका आवश्यक, तितकेच आता वाहनही आवश्यक झाले आहे. आणि ही दोन्ही साधने एकाच विद्युत्-घटावर चालू लागली म्हणजे काय घडू शकते, याचा अनुभव प्रस्तुत लेखकास काही काळापूर्वी आला. विषय वरवर पाहता भाषाशास्त्राच्या कक्षेबाहेरचा वाटेल. तथापि, ज्या ध्वनिमुद्रणांवर आपण आपली अनुमाने उभारतो त्यांत बोलणाऱ्याच्या आवाजाखेरीज आणखी काय मिसळले आहे हे ज्याला ओळखता येत नाही, त्याच्या अनुमानांवर किती विसंबावे हा प्रश्न राहतोच. म्हणून विद्युत्-शास्त्राचा अधिकार नसतानाही मी हा लेख लिहिण्याचे धाडस करीत आहे.

सावंतवाडी तालुक्यातील काही वाड्यांवर मालवणीतील कथनांचे मुद्रण करण्याचे काम आमच्याकडे होते. मुद्रित केलेले कथन त्याच माणसांना पुन्हा ऐकवावे, शंका असलेला शब्द विचारून घ्यावा, ही आमची नेहमीची पद्धत. त्यासाठी माझ्या स्वतःच्या मोटारीत मी एक ध्वनिविवर्धक, म्हणजे सामान्य भाषेत अँप, आणि दोन मोठे स्पीकर बसविले. हे काम एखाद्या कारागिराकडे न देता मी घरीच, दोन रविवार खर्चून केले. इंजिन बंद असताना यंत्रणा उत्तम चाले. इंजिन सुरू केले की मात्र स्पीकरमधून एक बारीक, चिरका सूर निघू लागे. पाय दाबावा तसा तो चढे, पाय उचलावा तसा उतरे. पहिल्याच खेपेस खळ्यात बसलेल्या एका आजींनी विचारले, "गाडी कित्याक रडता रे बाबा?" सर्वांबरोबर मीही हसलो व प्रश्न तेथेच सोडून दिला. ऐकण्यापुरतीच तर यंत्रणा आहे, मुद्रणाशी तिचा काय संबंध, अशी माझी समजूत होती.

पुढे पावसाळ्यात त्याच आजींची दीर्घ कथने मुद्रित करण्याचा योग आला. त्या दिवशी मुद्रकाचे सेल संपले होते. मोटारीच्या सिगारेट-लायटरच्या खाचेत चार्जर लावून मी मुद्रक त्यावर चालविला. गाडीचा घट अलीकडे लवकर उतरत असे, आदल्या दिवशी तर गाडी ढकलून सुरू करावी लागली होती. म्हणून इंजिन चालूच ठेवले. इंजिनाचा आवाज मायक्रोफोनात येऊ नये यासाठी गाडी घराच्या मागे उभी करून पडवीपर्यंत लांब तार ओढली, आणि या दूरदृष्टीबद्दल मनातल्या मनात स्वतःची पाठही थोपटली. मुद्रकातून अँपकडे जाणारी तार आधीच्या ऐकवण्यापासून जोडलेलीच राहिली होती. तिच्याकडे माझे लक्ष गेले नाही.

वर्षभराने माझ्या एका विद्यार्थिनीने या कथनांतील सुरावलीवर एक प्रकरण लिहून आणले. प्राट या संगणक-प्रणालीने काढलेल्या मूलभूत कंप्रतेच्या आलेखांवरून तिने असे दाखविले होते की, या वक्त्याच्या निवेदनपर वाक्यांचा सूर शेवटी अपेक्षेप्रमाणे खाली उतरत नाही. तो सेकंदास सुमारे २०० कंपनांवर येऊन सपाट होतो. निष्कर्ष नवा होता, आकर्षक होता, आणि एका परिषदेसाठी निबंधाचा सारांशही तयार झाला होता. सुदैवाने आलेख मोठे करून पाहताना एक गोष्ट तिच्याच नजरेस आली. आजी श्वास घेण्यासाठी थांबल्या होत्या, त्या क्षणीही सुराची रेषा २०० वर चालूच होती. मनुष्य गप्प असताना त्याच्या बोलण्याचा सूर कोठून येणार?

याचे उत्तर शोधताना मोटारीच्या विद्युत्-व्यवस्थेची जी ओळख करून घ्यावी लागली, ती पुढे मांडतो.

मोटारीतील घट शिशाच्या पत्र्यांचा व आम्लाचा, सहा कोशिकांचा असतो. स्वस्थ व पूर्ण भारित असताना त्याचा दाब साधारण १२.६ व्होल्ट भरतो. इंजिन सुरू झाले की पट्ट्याने फिरणारा अल्टरनेटर हा दाब १३.८ ते १४.४ व्होल्टपर्यंत चढवितो आणि घटास भारित करतो. जुन्या गाड्यांत हे काम डायनॅमो करीत असे. अमेरिकेतील क्रायस्लर कंपनीने १९६० च्या व्हॅलियंट गाडीत अल्टरनेटर आणला, व पुढे तो सर्वत्र रूढ झाला. आमच्याकडील काही कारागीर मात्र अजूनही अल्टरनेटरला डायनॅमोच म्हणतात. वस्तू बदलली तरी नाव टिकून राहिल्याचे हे एक ताजे उदाहरण होय.

अल्टरनेटर मुळात उलटसुलट दिशेने वाहणारा, म्हणजे प्रत्यावर्ती प्रवाह निर्माण करतो, आणि तोही तीन कलांत. घटास असा प्रवाह चालत नाही. त्यास एकाच दिशेचा प्रवाह हवा. म्हणून अल्टरनेटरच्या पोटातच सहा डायोड बसविलेले असतात. डायोड म्हणजे प्रवाहास एकाच दिशेने जाऊ देणारे दार. या सहा दारांतून गाळून निघालेला प्रवाह एकदिश असतो खरा, परंतु अगदी सपाट नसतो. त्यावर बारीक लाटा राहतात. प्रत्यावर्ती प्रवाहाच्या एका आवर्तनास अशा सहा लाटा पडतात. हीच आपल्या चिरक्या सुराची जननी.

या लाटांची कंप्रता काढणे कठीण नाही. नेहमीच्या अल्टरनेटरच्या फिरत्या भागावर चुंबकीय ध्रुवांच्या बहुधा सहा जोड्या असतात. म्हणजे एका फेऱ्यात सहा आवर्तने, आणि प्रत्येक आवर्तनास सहा लाटा, अशा ३६ लाटा झाल्या. इंजिनाच्या एका फेऱ्यास अल्टरनेटर अडीच फेरे घेतो असे धरू. पुल्यांच्या आकाराप्रमाणे हे प्रमाण गाडीगणिक थोडे निराळे असते. इंजिन मिनिटास ८०० फेरे घेत स्वस्थ चालले असेल, तर सेकंदास १३.३ फेरे होतात, अल्टरनेटरचे ३३.३, आणि लाटा १२००. इंजिन २००० फेऱ्यांवर गेले की लाटा ३००० होतात. मनुष्याचा कान नेमका दोन ते चार हजार कंपनांच्या पट्ट्यात अतिशय तीक्ष्ण असतो. यामुळेच विद्युत्-दाबातील ही लहर अगदी क्षुल्लक असली तरी ऐकणाऱ्यास ती असह्य होते. स्वरांचे दुसरे-तिसरे फॉर्मंटही याच पट्ट्याच्या आसपास असतात, हे ध्वनिविज्ञानाच्या अभ्यासकास सांगावयास नको.

आता २०० हा आकडा कोठून आला? सहा डायोडांपैकी एक निकामी झाला की लाटांची नियमितता मोडते. सहा सारख्या लाटांऐवजी काही लाटा व एक खड्डा, असा क्रम प्रत्येक आवर्तनात पुन्हा पुन्हा येऊ लागतो. म्हणजे आता पुनरावृत्ती लाटेगणिक नसून आवर्तनागणिक होते, आणि ३३.३ ला ६ ने गुणले की येतात २००. शिवाय हा खड्डा मूळच्या लाटांपेक्षा बराच खोल असतो. स्त्रीच्या बोलण्याची मूलभूत कंप्रता सामान्यतः २०० च्या आसपास असते, वृद्ध स्त्रियांची बहुधा काहीशी खाली. वाक्याच्या शेवटी आवाज क्षीण होतो, घोगरा होतो. त्या क्षणी प्रणालीला त्या क्षीण आवाजापेक्षा अल्टरनेटरचा अखंड सूर अधिक स्पष्ट दिसला आणि तिने त्याचीच नोंद केली. आम्ही आजींच्या वाक्यान्ताचा म्हणून जो सूर मोजला, तो गाडीचा होता. मध्येच एका कथनात हा सपाट सूर २०० वरून थोडा वर सरकलेला दिसतो. कोणीतरी गाडीत बसून वातानुकूलन सुरू केले असावे. तसे केले की इंजिन आपला स्वस्थ वेग किंचित वाढविते.

मागाहून आठवले की, त्या सुमारास स्पीकरमधील रडणे चिरके राहिले नव्हते, ते जाड व खालच्या सुराचे झाले होते. दोष आपोआप कमी झाला, असे समजून मी त्या वेळी संतोष मानला होता. घट लवकर उतरत होता तोही याच कारणाने. एक डायोड गेल्यावर अल्टरनेटर पुरता प्रवाह देऊ शकत नाही. दोन खुणा समोर होत्या, मी एकही वाचली नाही.

परंतु डायोड बिघडला एवढ्याने मुद्रणात गोंगाट का शिरावा? घट हा स्वतःच लाटा गिळणारा मोठा साठा असतो. येथे दुसरा दोष पुढे येतो, आणि तो सर्वस्वी माझ्या दोन रविवारांच्या कारागिरीचा.

मोटारीत प्रत्येक उपकरणास घटाच्या धन टोकापासून एक तार जाते. परतीचा मार्ग मात्र तारेचा नसून गाडीच्या लोखंडी सांगाड्याचा असतो. या परतीच्या जोडणीस आपल्याकडील गाड्यांचे वायरमन 'अर्थ' म्हणतात. मूळ इंग्रजी शब्द पृथ्वीचा वाचक. गाडी तर रबरी चाकांवर उभी, पृथ्वीशी तिचा विद्युत्-संबंध नाही. तरीही 'बॉडीला अर्थ देणे', 'अर्थ तुटणे', 'अर्थ लूज होणे' असे सुंदर वाक्प्रचार या व्यवसायात रूढ आहेत. कुडाळच्या एका वायरमनने माझ्या गाडीच्या डिकीत डोके घालून अर्ध्या मिनिटात निदान केले : "सर, तुमचा अर्थच नीट लागलेला नाही." अर्थविज्ञान शिकविणाऱ्या माणसास हे ऐकून घेणे भाग होते.

झाले होते ते असे. अँपची ऋण तार मी डिकीतील एका तयार बोल्टखाली दाबली होती. त्या बोल्टखाली रंगाचा थर होता. बोल्टाच्या आट्यांतून संबंध जुळत होता, पण अपुरा. अशा जोडणीचा रोध ओहमच्या शंभराव्या भागाएवढा जरी असला आणि अँप १५ अँपिअर प्रवाह ओढत असला, तरी तेवढ्या जागेत ०.१५ व्होल्ट दाब खर्च होतो. म्हणजे अँपचा 'शून्य' हा गाडीच्या शून्यापेक्षा ०.१५ व्होल्ट वर तरंगत राहतो, आणि अल्टरनेटरच्या लाटांबरोबर व संगीताच्या ठेक्याबरोबर खालीवर होतो. ध्वनिसंकेत वाहणाऱ्या तारेतील दाब एखाद्या व्होल्टाचा, आणि हळू बोलण्यात तर काही सहस्रांश व्होल्टाचाच असतो, हे ध्यानात घेतले म्हणजे या खालीवर होण्याचे महत्त्व कळेल.

ध्वनिसंकेताची तार दोन भागांची असते : मध्ये संकेत नेणारा गाभा, भोवती जाळीचे वेष्टन. हे वेष्टन दोन्ही टोकांस त्या त्या उपकरणाच्या शून्यास जोडलेले असते. समोरील उपकरणाचा अर्थ डॅशबोर्डपाशी, अँपचा अर्थ डिकीत; दोघांचे शून्य समान नसले की त्यांच्यामधील अंतर भरून काढण्यासाठी वेष्टनातून प्रवाह वाहू लागतो. सांगाडा आणि वेष्टन मिळून एक वेटोळे तयार होते, आणि या वेटोळ्यातील प्रवाह संकेतावर आपला ठसा उमटवितो. वेष्टनाचे काम बाहेरचा गोंगाट अडविण्याचे. येथे तेच गोंगाटाचा मार्ग बनते. त्या पावसाळी दिवशी माझा मुद्रक असाच मध्ये सापडला होता. चार्जरवाटे तो डॅशबोर्डच्या अर्थाशी बांधलेला आणि विसरलेल्या तारेवाटे डिकीतील अर्थाशी. वेटोळ्यातील प्रवाह मुद्रकाच्या पोटातून, मायक्रोफोनच्याच शून्यावरून वाहिला. नुसते सेलवर चालविले असते, किंवा ती एक तार उपटून ठेवली असती, तरी वेटोळे तुटले असते.

अशा दोषाचा शोध कसा घ्यावा? येथे अनुमानापेक्षा क्रम महत्त्वाचा. दुकानात गेल्यास बहुधा प्रथम एक गाळणी विकत घेण्याचा सल्ला मिळतो. तो तूर्त बाजूस ठेवावा.

पहिला प्रश्न, इंजिन बंद असताना गोंगाट येतो काय? येत असेल आणि तो नुसता सळसळणारा असेल, तर त्याचा अल्टरनेटरशी संबंध नाही. अँपचे संवेदन-बटण, ज्यास गेन म्हणतात, अवाजवी चढविलेले असते. हे बटण आवाज मोठा करण्यासाठी आहे असा समज सार्वत्रिक आहे, पण ते समोरील उपकरणाच्या संकेताशी मेळ घालण्यासाठी असते. समोरील उपकरण मोठ्या आवाजावर ठेवून, विकृती ऐकू येऊ लागण्याच्या अलीकडेपर्यंतच ते फिरवावे. गेन जितके कमी, तितका सर्व प्रकारचा गोंगाट कमी.

इंजिन सुरू केल्यावरच गोंगाट येत असेल, तर तो वेगाबरोबर चढतो-उतरतो काय हे ऐकावे. अखंड सूर चढत असेल तर अल्टरनेटर. तुटक टकटक वाढत असेल तर ठिणग्या. त्यानंतर आवाजाचे बटण पूर्ण खाली न्यावे. त्याबरोबर गोंगाटही नाहीसा झाला, तर तो बटणाच्या अलीकडे, म्हणजे समोरील उपकरणात किंवा त्याच्या पुरवठ्यात शिरत आहे. बटण शून्यावर असूनही तो तसाच राहिला, तर तो बटणाच्या पलीकडे, संकेताच्या तारांत किंवा अँपमध्ये शिरतो आहे. या एका कसोटीने निम्मे क्षेत्र वगळले जाते.

पुढची कसोटी अधिक निर्णायक आहे. यंत्रणा बंद करून अँपकडील संकेताच्या दोन्ही तारा काढाव्यात, आणि त्यांच्या जागी अशी गुडदी बसवावी जिच्यात गाभा व वेष्टन एकमेकांस जोडलेले आहेत. जुन्या निकामी तारेचे टोक कापून ती घरीच करता येते. आता इंजिनासह यंत्रणा सुरू करावी. गोंगाट राहिला तर दोष अँपमध्ये किंवा त्याच्या पुरवठ्यात व अर्थात आहे. स्पीकर शांत झाले तर अँप निर्दोष. मग तारा पुन्हा अँपला जोडून त्यांची दुसरी टोके समोरील उपकरणातून काढावीत व तेथे याच गुडद्या लावाव्यात. त्यांचा गाडीच्या लोखंडास स्पर्श होऊ देऊ नये. या स्थितीत गोंगाट आला, तर तो तारांत वाटेवर शिरत आहे. बहुधा त्या अँपच्या मुख्य विद्युत्-तारेस चिकटून नेलेल्या असतात. येथेही शांतता असेल, तर सेलवर चालणारे एखादे छोटे वादनयंत्र त्याच तारांना जोडून पाहावे. त्यावर ध्वनी स्वच्छ आला म्हणजे वेटोळे समोरील उपकरणातून जात होते हे सिद्ध झाले. मुद्रक हे वादनयंत्र म्हणून वापरावयाचा असेल, तर तो चार्जरवर लावू नये, हे आता निराळे सांगण्याची गरज नाही.

मापनाने हे सर्व पडताळून पाहावे. साधा मल्टिमीटर पुरतो. इंजिन चालू व यंत्रणा बऱ्यापैकी मोठ्या आवाजात वाजत असताना अँपच्या ऋण टोकापासून घटाच्या ऋण टोकापर्यंतचा दाब मोजावा, तो ०.१ व्होल्टपेक्षा कमी असावा. माझ्या गाडीत तो कितीतरी अधिक भरला. नंतर मीटर प्रत्यावर्ती दाबावर ठेवून घटाच्या दोन टोकांमध्ये लावावा. निरोगी अल्टरनेटरचा लाटांचा आकडा अगदी अल्प असतो. तो अर्ध्या व्होल्टाकडे जाऊ लागला की डायोडांचा संशय घ्यावा. अल्टरनेटर तपासण्यासाठी चालत्या इंजिनावर घटाची तार काढून पाहण्याची एक जुनी रीत काही ठिकाणी अजून दिसते. डायनॅमोच्या काळात ती खपून जात असेल. आता ती सर्वथा वर्ज्य समजावी. घट दूर होताच दाब क्षणात उसळतो आणि गाडीतील नाजूक इलेक्ट्रॉनिक भाग जळू शकतात.

उपाय तसे साधे आहेत. अर्थाच्या जागेवरील रंग चकचकीत लोखंड दिसेपर्यंत खरवडावा, दातेरी वॉशर घालून बोल्ट आवळावा आणि मग गंज चढू नये म्हणून वरून ग्रीस लावावे. कोकणच्या हवेत हे शेवटचे काम विसरता कामा नये. अर्थाची तार पुरवठ्याच्या तारेइतकीच जाड व शक्य तितकी आखूड, अर्ध्या मीटरच्या आत ठेवावी. सीटच्या पट्ट्याच्या बोल्टास अर्थ कधीही लावू नये. तो बोल्ट जीवरक्षणासाठी आहे. विद्युत्-तार गाडीच्या एका अंगाने न्यावी, संकेताची दुसऱ्या अंगाने. ओलांडणे भागच पडले तर काटकोनात ओलांडावे, कारण समांतर धावणाऱ्या तारा एकमेकींत सर्वाधिक प्रवर्तन घडवितात. आणि गोंगाटाशी संबंध नसला तरी सांगितलेच पाहिजे असे एक : अँपच्या धन तारेवर घटापासून हातभर अंतराच्या आतच फ्यूज असावा. बारा व्होल्टांचा धक्का माणसास बसत नाही, पण मंडल-संक्षेप झाल्यास हाच घट शेकडो अँपिअर ओकतो आणि तार पेटते.

एक फसवा दोष स्वतंत्रपणे नोंदविण्यासारखा आहे. काही उपकरणांत संकेताच्या तारेच्या वेष्टनास शून्याशी जोडणारा आतील दुवा अतिशय बारीक असतो. तारा जोडताना वेष्टनाचा स्पर्श चुकून धन तारेस झाला की हा दुवा क्षणात वितळतो; उपकरण वरकरणी उत्तम चालते, पण अल्टरनेटरचा सूर कायमचा मागे लागतो. वेष्टन आणि उपकरणाची पेटी यांमधील रोध मोजावा. तो जवळजवळ शून्य असावयास हवा. घट न सोडविता तारा जोडणाऱ्या हौशी माणसाच्या वाट्यास हा प्रसंग हमखास येतो.

वेटोळे कशानेच तुटेना, तर संकेताच्या तारेत विलगक बसविण्याचा मार्ग उरतो. हा लहानसा रोहित्रच होय. यात संकेत चुंबकीय क्षेत्रावाटे पलीकडे जातो, पण दोन बाजूंचे शून्य एकमेकांस तारेने जोडलेले राहत नाहीत. उपाय गुणकारी आहे, परंतु माझे मत त्याच्या विरुद्ध आहे. हलक्या प्रतीचे विलगक खालच्या कंप्रता दाबून टाकतात. गाणी ऐकणाऱ्यास फरक कदाचित जाणवणार नाही; पुरुष-आवाजाची मूलभूत कंप्रता १२० च्या आसपास असते, आणि आम्हांस तीच हवी असते.

ठिणग्यांच्या गोंगाटाविषयी थोडक्यात. चार सिलिंडरांच्या पेट्रोल इंजिनात प्रत्येक फेऱ्यास दोनदा ठिणगी पडते. ८०० फेऱ्यांवर सेकंदास सुमारे २७, आणि ३००० वर १००. प्रत्येक ठिणगी म्हणजे एक छोटे प्रक्षेपण-केंद्रच. रेडिओच्या मध्यम लहरींवर ती विशेष खरखरते. रोध घातलेले स्पार्क प्लग हा यावरील रूढ उपाय. डिझेल इंजिनात ठिणगीच नसते, त्यामुळे तेथे टकटक ऐकू आल्यास अन्यत्र शोध घ्यावा. अमेरिकेत १९३० मध्ये गॅल्विन कंपनीने मोटारीत बसविण्याचा रेडिओ विक्रीस आणला, त्या काळी ठिणग्यांचा गोंगाट शमविणे ही या धंद्यापुढील मोठी अडचण होती. त्या रेडिओस दिलेले 'मोटोरोला' हे नाव म्हणजे मोटारीस पियानोला, व्हिक्ट्रोला यांसारख्या वाद्ययंत्रांच्या नावांतील शेपूट जोडून केलेला शब्द. कंपनीने पुढे स्वतःचेही नाव तेच घेतले.

याखेरीज पंखा, वायपर, इंधनाचा पंप हे एकेक चालू-बंद करून ओळखता येतात. स्वस्त यू.एस.बी. चार्जरांचा स्वतंत्र उपद्रव असतो. तो वेगाबरोबर बदलत नाही, चार्जर उपटताच थांबतो. जुन्या २जी पद्धतीने जोडला जाणारा भ्रमणध्वनी जवळ असल्यास जो गुरगुराट होतो, त्याची कंप्रता सुमारे २१७ असते. म्हणजे तोही स्त्री-आवाजाच्या सुरातच येऊन बसतो. मुद्रणाच्या वेळी भ्रमणध्वनी दूर ठेवण्याचा नियम आम्ही पाळत होतो. पण त्यामागील हे कारण मला ठाऊक नव्हते.

आता आजींच्या मुद्रणांचे काय झाले ते सांगतो. इंजिनाचा वेग बहुतांश स्थिर असल्याने २०० व त्याच्या पटींतील सूर संगणकाने कापून काढता येतो. आम्ही तसे करून पाहिले. ऐकण्यास मुद्रण स्वच्छ झाले. शब्द, रूपे, वाक्यरचना यांच्या अभ्यासास काहीच बाधा आलेली नाही. परंतु जेथे आजींचा स्वतःचा सूर २०० च्या जवळून जातो, तेथे गाडीच्या सुराबरोबर त्यांचाही अंश कापला जातो. कोणता किती गेला हे सांगता येत नाही. विद्यार्थिनीने वरच्या स्वरकंपांतील अंतरे हाताने मोजून काही वाक्यान्त वाचविले, आणि त्यांत सूर व्यवस्थित खाली उतरतो. ते प्रकरण तिने मागे घेतले व सारांश परिषदेकडून परत मागविला. पुन्हा मुद्रण करावे म्हणून आम्ही वाडीवर गेलो, तेव्हा आजी पावसाळ्यापूर्वीच वारल्याचे कळले. त्यांच्या सुनेने चहा केला आणि मुद्रण ऐकविण्यास सांगितले. या खेपेस इंजिन बंद होते.

विभागाच्या ध्वनिसंग्रहातील नोंदपत्रावर आता मुद्रकास विद्युत्-पुरवठा कशाचा होता, इंजिन चालू होते की बंद, आणि मुद्रकास मायक्रोफोनखेरीज अन्य कोणती तार जोडलेली होती, असे तीन रकाने वाढविले आहेत. जुन्या मुद्रणांची नोंदपत्रे भरताना पहिल्या दोन रकान्यांचे उत्तर पुष्कळदा आठवणीने देता येते; तिसऱ्याचे बहुधा देता येत नाही. अशा मुद्रणांत वक्ता गप्प असतानाचा भाग निवडून त्यात अखंड सूर आहे काय, हे प्रथम पाहावे, आणि तो आढळल्यास सुरावलीच्या अभ्यासासाठी ते मुद्रण घेऊ नये, अशी सूचना संग्रहाच्या दारावर लावली आहे.